बेणे, शेत आणि पहिला पेला : पोरगं दारूकडे वळतं ते रक्तामुळे की घरामुळे?



गावात एखादं सोळा-सतरा वर्षांचं पोरगं दारू पिऊन घरी आलं, की पारावर दोन मतं निघतात. एक मत म्हणतं, "खाण तशी माती. आजा पीत होता, बाप पितो, मग पोऱ्या काय दूध पिणार?" दुसरं मत म्हणतं, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. संगत वाईट, दुसरं काही नाही." पहिलं मत रक्ताला बोल लावतं, दुसरं संगतीला. गंमत अशी की दोन्ही मतांत घरची मंडळी मोकळी सुटतात. रक्त काही बदलता येत नाही, आणि संगत म्हणजे दुसऱ्याचं पोरगं. मग आपण काय करणार?

या अंकाच्या अभ्यासलेखासाठी आम्ही हाच प्रश्न घेतला आहे. गेल्या पन्नास वर्षांत जगातल्या शास्त्रज्ञांनी यावर पुष्कळ काम केलं आहे, आणि त्यातून निघालेलं उत्तर आपल्या कामाचं आहे. थोडक्यात ते असं : रक्ताचा वाटा खरा आहे, पण पहिला पेला लवकर हातात येतो की नाही हे मुख्यतः घर आणि भोवतालचं गाव ठरवतं. रक्ताचा जोर त्यानंतर, वय वाढेल तसा वाढत जातो. म्हणजे बारा ते अठरा ही वर्षं बरीचशी आपल्या हातातली आहेत. हे कशावरून म्हणायचं, ते आता क्रमाने पाहू.

बेणे एक, शेतं दोन

ऊस पिकवणाऱ्याला हा विषय समजायला अवघड नाही. उसाची लागण आपण बियाण्याने करत नाही, टिपरीने करतो. त्यामुळे एका बेटातल्या सगळ्या टिपऱ्यांचा वाण अगदी एकच असतो. समजा, अशा एकाच मळ्यातलं को ८६०३२ चं बेणं दोन सभासदांनी नेलं. एकाने निचऱ्याच्या काळ्या जमिनीत लावलं, दुसऱ्याने चोपण जमिनीत. एकरी टनेजमध्ये जो फरक पडेल, तो बेण्याचा म्हणता येणार नाही. तो जमिनीचा, पाण्याचा आणि मेहनतीचा. उलट एकाच शेतात, एकाच पाण्यावर चार वाण शेजारी शेजारी लावले आणि फरक पडला, तर तो फरक वाणाचा.

माणसांच्या बाबतीत अशी लागण मुद्दाम करता येत नाही. पण निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे, ती म्हणजे जुळी मुलं. जुळी दोन प्रकारची असतात. एका गर्भबीजाचे दोन भाग होऊन झालेली ती एकबीज जुळी. एकाच बेटातल्या दोन टिपऱ्यांप्रमाणे त्यांची जनुकं सारखी असतात. दुसरी द्विबीज जुळी. ती जन्मतात बरोबर, पण जनुकांच्या दृष्टीने साध्या भावंडांइतकीच सारखी असतात. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात, एकाच हाताखाली वाढतात. मग पिण्याच्या बाबतीत एकबीज जुळी द्विबीज जुळ्यांपेक्षा किती जास्त सारखी निघतात, हे हजारो जोड्यांत मोजलं, की वाणाचा वाटा किती आणि शेताचा किती, याचा अंदाज बांधता येतो.

दुसरी सोय दत्तक मुलांची. त्यांचं बेणं एका घरचं आणि शेत दुसऱ्या घरचं.

रक्तातून काय येतं?

१९७३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील दत्तक मुलग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. ही मुलं जन्मानंतर सहा आठवड्यांच्या आत जन्मदात्या घरापासून वेगळी झालेली होती. ज्यांच्या जन्मदात्या आईबापांपैकी एकाला दारूचं व्यसन होतं, अशा ५५ जणांपैकी १० जण, म्हणजे शेकडा १८, मोठेपणी व्यसनी झाले. ज्यांच्या जन्मदात्यांत व्यसन नव्हतं, अशा ७८ जणांपैकी फक्त ४ जण, म्हणजे शेकडा ५, व्यसनी झाले. ज्या बापाचं तोंडही पाहिलं नाही, त्याच्या रक्ताने जोखीम साडेतीन पट वाढवली. तेव्हा पारावरचं पहिलं मत अगदीच खोटं नाही.

पण हेच आकडे उलट बाजूने वाचा. व्यसनी जन्मदात्यांच्या ५५ मुलग्यांपैकी ४५ जण व्यसनी झाले नाहीत! म्हणजे रक्ताने जोखीम येते, निकाल येत नाही. काणीला बळी पडणारा वाण आपल्याला माहीत असतो. तो वाण लावला म्हणून प्रत्येक बेटातून काणीचा चाबूक निघतोच असं नाही. बेणं निरोगी असलं, प्रक्रिया केलेली असली आणि शेजारच्या फडात रोग नसला, तर तोच वाण चांगलं पीक देतो. मात्र त्या वाणाची राखण जास्त करावी लागते.

पुढे झालेल्या अनेक जुळ्यांच्या आणि दत्तकांच्या अभ्यासांची बेरीज करता, मोठ्या माणसांच्या दारूच्या व्यसनात जनुकांचा वाटा सुमारे ५० टक्के निघतो. या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. एखाद्या माणसाचं निम्मं पिणं बापामुळे आणि निम्मं स्वतःमुळे, असा तो अर्थ नाही. समाजात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे निम्मा फरक जनुकांच्या फरकाशी जोडता येतो, एवढंच तो सांगतो. शेतं बदलली की हा आकडाही बदलतो, हे पुढे येईलच.

आणि दारूचं म्हणून एखादं एकच जनुक नसतं. शेकडो जनुकं थोडा थोडा परिणाम करतात. काही जनुकं यकृतात दारू पचवण्याचं काम कसं चालेल ते ठरवतात. काही स्वभावावर परिणाम करतात : उतावळेपणा, धोका पत्करण्याची हौस, एका जागी चैन न पडणं. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत डॉ. विवेक बेनेगल आणि सहकाऱ्यांनी व्यसनी घराण्यांतल्या, पण स्वतः व्यसन न लागलेल्या तरुण मुलग्यांच्या मेंदूंची तपासणी केली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्या मेंदूचे काही भाग इतर मुलग्यांपेक्षा आकाराने लहान आढळले. म्हणजे पेला तोंडाला लागण्याआधीच काही फरक असतात. अशा पोराला "वांड" म्हणून दोन रट्टे देणं सोपं असतं. पण त्याची ओढ खेळ, कुस्ती, यंत्रकाम, मोकळ्या रानातलं काम अशा गोष्टींकडे लावून देणं जास्त उपयोगाचं.

"गडी पचवतो" ही शाबासकी नव्हे

आपल्याकडे लग्नाच्या वरातीत किंवा ढाब्यावर कौतुकाने म्हणतात, "आपला गडी पचवतो हं! तीन पेले झाले तरी पाय सरळ." सभासदांनी हे वाक्य आजपासून धोक्याची घंटा समजावं.

अमेरिकेतील सॅन डिएगो येथे डॉ. मार्क शुकिट यांनी व्यसनी बापांच्या तरुण मुलग्यांना मोजून दारू दिली आणि त्यांच्यावर काय परिणाम होतो ते टिपून ठेवलं. त्यांपैकी बऱ्याच जणांना इतरांच्या मानाने नशा कमी जाणवली. सुमारे दहा वर्षांनी त्याच तरुणांची पुन्हा चौकशी केली. ज्यांना पूर्वी दारू कमी चढत होती, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जण व्यसनी झाले होते. ज्यांना लवकर चढत होती, त्यांच्यात मात्र सातांत एक. कारण उघड आहे. ज्याला थोडक्यात गरगरतं, तो थांबतो. ज्याला चढत नाही, त्याच्या शरीराचा लगामच सैल असतो, आणि मित्रमंडळी त्याला आणखी ओततात. तेव्हा ज्या पोराला दारू "पचते", त्यालाच ती पुढे खाण्याचा संभव जास्त.

याच्या उलट उदाहरण जपानचं. तिथे पुष्कळ लोकांत एक जनुक असं असतं की दारू पचताना तयार होणारा विषारी पदार्थ शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. चेहरा लाल होतो, मळमळतं, छातीत धडधडतं. ज्यांना हे जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं, ते व्यसनी जवळजवळ होतच नाहीत. ज्यांना एकाकडूनच आलं, त्यांनाही बरंच संरक्षण मिळतं. आपल्या देशात हे जनुक फार विरळ आहे, त्यामुळे त्याच्या भरवशावर आपल्याला राहता येत नाही. पण या जपानी अभ्यासातली खरी गोष्ट पुढेच आहे. एकाकडून जनुक आलेल्यांचं व्यसनी रुग्णांमधलं प्रमाण १९७९ साली शेकडा २.५ होतं. १९८६ साली ते ८ झालं आणि १९९२ साली १३. तेरा वर्षांत लोकांची जनुकं बदलत नाहीत. बदलला तो समाज. कामानंतर सर्वांनी मिळून पिण्याची रीत आणि तिचा आग्रह एवढा वाढला, की शरीराने घातलेला बांधही फुटू लागला.

पहिला पेला कोण देतो?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. फिनलंड देशात जुळ्यांची नोंद फार व्यवस्थित ठेवतात. तिथे रिचर्ड रोझ, याको काप्रियो, डॅनियल डिक या संशोधकांनी हजारो जुळ्या मुलांना बारा-चौदा वर्षांपासून पुढे वर्षानुवर्षं प्रश्न विचारले. चौदाव्या वर्षापर्यंत दारूची चव घेतली की नाही, या फरकात सुमारे तीन चतुर्थांश वाटा जुळ्यांच्या सामाईक परिस्थितीचा निघाला, म्हणजे घर, शाळा आणि वस्ती यांचा. जनुकांचा वाटा पाचव्या हिश्शाहूनही कमी. सोळाव्या वर्षी किती वेळा पितात, या फरकात जनुकांचा वाटा सुमारे एक तृतीयांश झाला. साडेअठराव्या वर्षी तो सुमारे निम्मा झाला, आणि घराचा वाटा तेवढा कमी झाला.

असं का व्हावं? लहान वयात पोरगं आपण देऊ ते खातं, आपण नेऊ तिथे जातं. त्याचा स्वभाव कसाही असो, बाटलीपर्यंत त्याला कुणी पोचू दिलं तरच ते पोचतं. मोठं झालं की ते स्वतःच्या स्वभावाला जुळणारे मित्र निवडतं, हातात मोटारसायकल आणि खिशात पैसा येतो, आणि आतला वाण डोकं वर काढतो. म्हणून लवकरच्या वर्षांत केलेली राखण पुढे कामाला येते. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, पंधरा वर्षांच्या आत पिऊ लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात केव्हा ना केव्हा दारूच्या आहारी गेले. विसाव्या वर्षानंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होतं. यातला काही भाग असाही आहे की जे मुळातच उतावळे, तेच लवकर सुरू करतात. तरीही वाढत्या मेंदूला दारूचा अपाय जास्त होतो यात शंका नाही. विचार करून थांबण्याचं काम करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो.

फिनलंडच्या याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली, आणि ती आम्हा खेडेगावच्या लोकांना लागू पडणारी आहे. शहरी भागात जनुकांचा वाटा मोठा निघाला. ग्रामीण भागात तो लहान, आणि घर-परिस्थितीचा वाटा मोठा. उसाच्या भाषेत सांगायचं तर जिथे बंधन सैल, तिथे प्रत्येक वाण आपापल्या गुणाने वाढतो. जिथे सगळे एकमेकांना ओळखतात, आणि कुणाचं पोरगं कुठे उभं आहे हे संध्याकाळपर्यंत घरी कळतं, तिथे वाणाला डोकं काढायला वाव कमी मिळतो.

आपल्या खेड्यात हे बंधन पूर्वी होतं. आज धुळे-शिरपूरकडून जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग आणि त्यावरचे ढाबे रात्रभर जागे असतात. पोरं कॉलेजला तालुक्याला जातात. गाव राहिलं खेड्याचं, पण पोरांना मोकळीक मिळाली शहराची. म्हणून वडिलधाऱ्यांनी "आमच्या वेळी काही झालं नाही" यावर विसंबून राहू नये.

गोव्याचा आणि आपल्या खानदेशचा दाखला

रक्त तेच राहून पिणं कसं बदलतं, याचे दोन दाखले जवळचेच आहेत. एक बिघडण्याचा, एक सुधारण्याचा.

पहिला उत्तर गोव्यातला. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या पुरुषांना पहिला पेला कोणत्या वयात घेतला ते विचारलं. पिणाऱ्यांपैकी जे १९५६ ते १९६० मध्ये जन्मले, त्यांच्यातल्या शेकडा १९.५ जणांनी कुमारवयात सुरुवात केली होती. जे १९८१ ते १९८८ मध्ये जन्मले, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ७४.३ झालं. पंचवीस वर्षांत गोव्याच्या माणसाचं रक्त बदललं नाही. बदलला तो बाजार, हातातला पैसा आणि रीत.

दुसरा दाखला आपल्या खानदेशचा. १९२२ च्या सुमारास समुद्रकाठच्या पालघर भागातून निघालेली देवीची चळवळ बागलाण, डांग, पश्चिम खानदेश आणि सुरत जिल्ह्यात पसरली. आदिवासी बांधव गावोगाव जमले. दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा, स्वच्छ रहा, असा देवीचा हुकूम अंगात आलेल्यांच्या तोंडून निघे, आणि गावंच्या गावं तो पाळत. काही ठिकाणी दारू पुन्हा सुरू झाली, काही ठिकाणी सोडलेली सुटली ती कायमची. पुढे १९३८ च्या सुमारास तळोदे भागात गुलाम महाराजांच्या शब्दावर हजारो भिल्ल कुटुंबांनी दारू टाकली. १९७२ नंतर शहादे भागात श्रमिक संघटनेच्या चळवळीत आदिवासी बायका गावोगाव गेल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. हा सगळा भाग त्या वेळी धुळे, म्हणजे जुन्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता. १९९८ पासून तळोदे, शहादे नंदुरबार जिल्ह्यात आहेत.

"अमक्या जातीच्या रक्तातच दारू आहे" असं जे लोक बेधडक बोलतात, त्यांनी या इतिहासापुढे गप्प बसावं. रक्तातच असती, तर एका हुकुमाने गावंच्या गावं कशी सोडती? आणि हेही ध्यानात घ्यावं की या तिन्ही वेळी दारू एकेकट्याने सोडली नाही. घराने, पाड्याने आणि गावाने मिळून सोडली.

घर म्हणजे नेमकं काय?

घराचा वाटा मोठा म्हणतात, तो कोणकोणत्या वाटेने पोरापर्यंत येतो, हे पाहिलं पाहिजे.

एक, बघून शिकणं. आखाजीला पत्ते खेळायला आपल्याकडे कुणी पोरांना वर्ग भरवून शिकवत नाही. वडील मंडळी बसतात, पोरं मागे उभी राहतात आणि शिकतात. पेल्याचंही तसंच. ऊसबिलाची पहिली उचल जमा झाली की बाटली, जावई आला की बाटली, बैल विकला की बाटली, दुःख झालं की बाटली, हे ज्या घरात पोर बघतं, त्याला दारू म्हणजे आनंदाचं आणि दुःखाचं ठरलेलं औषध वाटू लागतं. ज्या घरी बाप पितो, त्या घरी तो पोराला दोनदा देतो : एकदा रक्तातून आणि एकदा डोळ्यांतून. पहिलं देणं त्याच्या हातात नाही, दुसरं आहे.

दोन, हाताशी असणं. कपाटात, ट्रॅक्टरच्या डब्यात, मळ्यातल्या खोलीत बाटली असली की पहिला पेला बहुधा तिथलाच असतो. काही शिकलेली मंडळी म्हणतात, बाहेर चोरून पिण्यापेक्षा आमच्यासमोर घरीच थोडी घेऊ दे, म्हणजे ताळतंत्र राहील. ऑस्ट्रेलियात १,९२७ मुलामुलींवर सहा वर्षं लक्ष ठेवून हेच तपासलं, आणि २०१८ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आईबापांनी दिल्याने मुलांचं संरक्षण झालं, असा काहीही पुरावा मिळाला नाही. उलट ज्यांना घरी मिळत होती, ती बाहेरूनही मिळवू लागली.

तीन, भावंडं. पोरं बापापेक्षा मोठ्या भावाकडे, चुलतभावाकडे जास्त बघतात. एकत्र कुटुंबात थोरल्याला सांभाळलं की धाकटे निम्मे सांभाळले जातात.

चार, ठावठिकाणा. पोरगं कुठे आहे, कुणाबरोबर आहे, केव्हा येणार, हे ज्या घरात माहीत असतं, तिथे जोखीम कमी राहते. पण हे माहीत होण्याची वाट पाळतीतून जात नाही, बोलण्यातून जाते. पोरगं आपण होऊन सांगतं, ते मारणाऱ्याला सांगत नाही, ऐकणाऱ्याला सांगतं. दिवसातून एकदा सगळ्यांनी एका पंगतीला जेवणं आणि त्या वेळी मोबाईल बाजूला ठेवणं, एवढं केलं तरी पुष्कळ होतं.

पाच, घरातलं भांडण. रोज रात्री आदळआपट असलेल्या घरातून पोरगं बाहेर पळतं, आणि बाहेर त्याला आसरा देणारे बहुधा पेलेवालेच भेटतात.

मुलींबद्दलही एक शब्द. आपल्याकडे मुली पीत नाहीत म्हणून हा विषय त्यांचा नाही, असं समजू नये. पिणाऱ्या बापाची भीती, अर्धवट सुटलेली शाळा, घाईने उरकलेलं लग्न, हा दारूचा हिशेब मुलींच्याच नावावर मांडला जातो.

आपल्या मळीचा प्रश्न

साखर कारखान्याच्या सभासदाने हा विषय वाचताना एका गोष्टीकडे पाठ फिरवू नये. एक टन ऊस गाळला की सुमारे ४० किलो मळी निघते, आणि मळीपासून मद्यार्क होतो. अलीकडच्या वर्षांत त्याचा मोठा भाग पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी जातो, औषधांना आणि रसायनांनाही लागतो, ही चांगली गोष्ट. पण देशी दारूची बाटलीही मळीच्याच मद्यार्कातून भरते. आपल्या घामाच्या उसाचा एक थेंब आपल्याच पोराच्या पेल्यात परत येऊ नये, एवढी जबाबदारी आपण घेतलीच पाहिजे.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वय २५ पूर्ण लागतं, बिअरसाठी २१. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७७ प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम फक्त दुकानदाराला नाही. वरातीत भाच्याच्या हातात बाटली देणाऱ्या हौशी मामालाही आहे. शिवाय गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी मतदानाने "आडवी बाटली" केली, तर परवान्याचं दुकानही बंद होऊ शकतं.

ज्या घरात आधीच व्यसन आहे

हा लेख वाचून कुणा बापाला वाटेल, "आमचं रक्तच असलं, आता काय उपयोग?" त्याला आम्ही सांगतो की उपयोग त्यालाच सर्वांत जास्त आहे. घराण्यात साखरेचा आजार असला की आपण पोरांना गोड जपून खायला सांगतो, त्यात कुणाला लाज वाटत नाही. तसंच चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला शांतपणे बसवून सांगावं, "बाबा, आपल्या घराण्यात दारू लवकर चिकटते. दुसऱ्याला एक पेला चालत असेल, आपल्याला चालत नाही." हे वाक्य बापाने सांगितलं तर त्याला वजन येतं, आणि स्वतः उपचार घेऊन सांगितलं तर दुप्पट वजन येतं.

व्यसन हा आजार आहे आणि त्याला उपचार आहे. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. सुनंदा (अनिता) अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ साली सुरू झालं. तिथून हजारो माणसं बरी होऊन घरी गेली. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. फोनवर सल्ला हवा असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत. एक सूचना मात्र पाळावी. जो माणूस वर्षानुवर्षं रोज भरपूर पितो, त्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नये. झटके येतात, भ्रम होतो, जिवावर बेततं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी.

अभ्यासमंडळात चर्चेसाठी प्रश्न

१. एकबीज आणि द्विबीज जुळ्यांच्या तुलनेवरून वाणाचा आणि शेताचा वाटा कसा वेगळा काढतात?

२. डेन्मार्कच्या अभ्यासातले ५५ पैकी १० आणि ५५ पैकी ४५ हे दोन्ही आकडे आपल्याला काय शिकवतात?

३. जपानमध्ये जनुक तेच राहूनही त्याचं संरक्षण कमी का पडू लागलं?

४. आपल्या गावात अठरा वर्षांखालील पोराला पहिला पेला कुठे मिळतो : घरी, वरातीत, ढाब्यावर की मळ्यात? त्यातली कोणती वाट आपण या वर्षी बंद करू शकतो?

५. ऊसबिलाच्या दिवशी घरी काय आणायचं, हे यंदा घरातल्या बायकामुलांना विचारून ठरवलं तर?

सभासदाचा भाग वारसाच्या नावावर करायचा तर अर्ज लागतो, दाखला लागतो, संचालक मंडळाची मंजुरी लागते. घरच्या सवयीला यातलं काहीच लागत नाही, ती रोज संध्याकाळी आपोआप वारसाच्या नावावर चढत असते. बेणं कोणतं मिळालं ते आपल्या हाती नव्हतं. शेत मात्र आपलं आहे आणि राखणही आपलीच आहे. पोरगं बारा वर्षांचं झालं की राखणीला लागावं, अठरा होईपर्यंत फड सोडू नये, एवढीच सर्व सभासद कुटुंबांना आमची विनंती.